घराजवळच्या ‘विचित्र’ बार-रेस्टॉरंटमध्ये कुटुंबासह जेवायला जावे का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : बदलीमुळे आपण पुण्याहून बेळगावात, टिळकवाडीत राहायला आला आहात. गल्लीच्या टोकाला एक जुने ‘बार अँड रेस्टॉरंट’ आहे, त्याची पाटी कन्नडमध्ये आहे, आत भिंतीवर बंद पडलेली घड्याळे आहेत आणि टेबलांना क्रमांकांऐवजी नावे आहेत. अशा ठिकाणी पत्नी आणि शाळकरी मुलीला घेऊन जावे का, गेल्यास काय मागवावे आणि पिण्यासाठी महाराष्ट्रासारखा परवाना लागतो का, असे आपण विचारले आहे. आपण त्या जागेचे नाव लिहिलेले नाही आणि मीही माझ्या जागेचे लिहिणार नाही. परंतु रुळांच्या जवळ असलेल्या, अगदी याच धाटणीच्या एका ठिकाणी मी गेली अठरा वर्षे जेवत आलो आहे, त्या अनुभवावरून हे उत्तर देतो. अवश्य जा, मात्र रात्री आठच्या आत जा, मेनूकार्ड उघडू नका, आणि बसल्याबरोबर ‘आज घाट चढून काय आलंय?’ एवढेच विचारा.

मेनूकार्डाविषयी आधी सांगतो, कारण माझी पहिली चूक तिथेच झाली. आमच्या जागेच्या कार्डावर दीडशेहून अधिक पदार्थ आहेत (एकदा पावसात अडकलो असताना मी ते मोजले होते) आणि त्यांतली चार पाने चायनीजची आहेत. पहिल्या भेटीत मी पनीर बटर मसाला आणि मंचुरियन मागवले. पाऊण तासाने जे आले, त्यातले मंचुरियनचे गोळे जमिनीवर टाकले असते तर उसळून परत हातात आले असते, आणि दोन्ही पदार्थांचा रस्सा एकाच पातेल्यातला असावा अशी शंका मला आजही आहे. मी तक्रार करण्याच्या तयारीत असतानाच शेजारच्या टेबलाकडे लक्ष गेले. उद्यमबागेतल्या फाउंड्रीतून शिफ्ट संपवून आलेले चौघे जण स्टीलच्या ताटात उकडा भात, माशाची आमटी आणि तव्यावरचे पेडवे खात होते, आणि यांतला एकही पदार्थ कार्डावर नव्हता. वाढप्याला विचारले तेव्हा तो म्हणाला, ‘साहेब, तुम्ही कार्ड बघितलासा, म्हणून मी गप्प बसलो.’

खरे मेनूकार्ड गल्ल्यामागे टांगलेले असते, आणि ते म्हणजे शाळेतली एक लाकडी चौकटीची पाटी. आमचे मालक मूळचे कुंदापूरकडचे आहेत. घरी किनारपट्टीची कन्नड, गल्ल्यावर मराठी आणि स्वयंपाकघरात दोन्ही मिळून तयार झालेली तिसरीच भाषा ते बोलतात. पाटीवर ते मासळीची नावे गिऱ्हाइकांच्या तोंडची, म्हणजे मराठी लिहितात, पण लिपी कन्नड असते. माझे सारे शिक्षण मराठी माध्यमात झाले असल्यामुळे कन्नड अक्षरे मला नीट लागत नव्हती, आणि सांगायला थोडा संकोच वाटतो, पण मी ती लिपी वाचायला शिकलो ती या पाटीवरून. ‘बांगडा’ हा मी वाचलेला पहिला कन्नड लिपीतला शब्द होय. बसवरच्या गावांची नावे पुष्कळ नंतर आली. पाटीचे आणखी एक गुपित मला दुसऱ्या वर्षी कळले. एखादी मासळी संपत आली की मालक ते नाव पूर्ण पुसत नाहीत, अंगठ्याने शेवटचे एक अक्षर पुसतात, आणखी थोडी संपली की त्याच्या आधीचे. सुरमईची ‘सुरम’ झाली की घाई करावी, ‘सुर’ उरले की दोन-चारच तुकडे शिल्लक आहेत असे समजावे. नवखा माणूस ‘सुर’ हा कोणता मासा, असे विचारतो आणि नेहमीची मंडळी कोणताही खुलासा न करता आपली ऑर्डर देऊन मोकळी होतात.

घाटाचा उल्लेख मी सहज केलेला नाही. बेळगाव सह्याद्रीच्या माथ्यावर वसलेले आहे. मासळी गोव्याहून चोर्ला घाटाने, वेंगुर्ले-मालवणकडून आंबोलीमार्गे, आणि कधी कारवारकडून येते. म्हणून इथल्या अशा जागांचे जेवण कार्डावर ठरत नाही, त्या दिवशी घाटातून गाडी किती वाजता वर आली यावर ठरते. मुसळधार पावसात घाट बंद झाला तर पाटी कोरी राहते. शिवाय पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला बंदी असते, त्यामुळे त्या काळात कोणी आपल्याला ‘ताजी सुरमई’ देऊ केली तर नम्रपणे नकार द्यावा. आमच्याकडे त्या दिवसांत सुक्या बोंबलाची चटणी, अंडा करी आणि भाकरी मिळते, आणि मला स्वतःला ती आवडते. त्यानंतर श्रावण लागतो. तेव्हा निम्मी टेबले रिकामी असतात आणि मालक पाटीवर नुसते ‘आमटी’ असे लिहून वर्तमानपत्र वाचत बसतात.

मटणाचे पाहाल तर बुधवारी आणि रविवारी जावे. हुबळी-धारवाडप्रमाणे बेळगावातही सावजी पद्धतीचे जेवण रुळलेले आहे. सोमवंशीय सहस्रार्जुन क्षत्रिय समाजाच्या घरांतून ते खानावळींत आले आणि आता आमच्या मालकांसारख्या किनारपट्टीच्या माणसाच्या स्वयंपाकघरातही शिरले आहे. रस्सा काळपट लाल असतो, वर तर्री असते, आणि तो भातावर घेण्याआधी ज्वारीच्या भाकरीबरोबर दोन घास खाऊन पाहावा, कारण भातावर तिखटपणाचा अंदाज उशिरा येतो. पुण्याहून आलेले माझे साडू यांनी हा सल्ला मानला नाही. ते पुढचा अर्धा तास काहीही बोलले नाहीत, ही त्यांच्या बाबतीत असाधारण घटना होती. कार्डावर तांबडा-पांढरा रस्साही आहे, पण कोल्हापूर इथून जेमतेम एकशे दहा किलोमीटरवर असताना तो इथे खाण्याचे कारण मला दिसत नाही.

परवान्याचा प्रश्न साहजिक आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले, त्याआधी ते मुंबई राज्यात होते आणि १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा इथेही लागू होता. महाराष्ट्रातली ‘परमिट रूम’ ही त्याच कायद्याची देणगी आहे. इथे आता कर्नाटकाचा १९६५ चा अबकारी कायदा चालतो, पिणाऱ्याला व्यक्तिगत परवाना लागत नाही, आणि म्हणून कोणत्याही पाटीवर ‘परमिट रूम’ हे शब्द आपल्याला दिसणार नाहीत. फक्त वाइन शॉप आणि बार यांत गल्लत करू नये. वाइन शॉपमध्ये बाटली छापील किमतीत मिळते, पण तिथे बसून पिता येत नाही; बारमध्ये बसता येते आणि त्या बसण्याचे पैसे बिलात असतात. गोव्याहून स्वस्त म्हणून आणलेली बाटली पिशवीतून काढू नये, मालकाचा परवाना धोक्यात येतो. फेणी मागूनही उपयोग नाही. ती प्यायची तर घाट उतरून जावे. याहून अधिक मी या विषयावर लिहीत नाही, कारण मी स्वतः एका बिअरच्या पुढे जात नाही आणि त्या बाबतीत माझ्या मताला त्या जागेत काही किंमतही नाही.

पाटी कन्नडमध्ये आहे म्हणून बिचकू नये. २०२४ पासून दुकानांच्या पाट्यांचा ६० टक्के भाग कन्नडमध्ये असणे बंधनकारक झाले आहे. आत मात्र आपण मराठीतच बोलावे, उत्तर मराठीतच येते, फार तर शेवटी एक ‘की’ जास्त लागतो.

टेबलांच्या नावांबाबत थोडी सावधगिरी हवी. आमच्याकडे ‘फाउंड्री’, ‘कोर्ट’ आणि ‘मिलिटरी’ अशी तीन टेबले ठरलेली आहेत. कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असल्यामुळे निवृत्त जवान आणि सुभेदार या शहरात पुष्कळ आहेत, आणि ‘मिलिटरी’ टेबल आठनंतर त्यांचे असते. तसे कुठेही लिहिलेले नाही. एकदा मी अजाणतेपणी तिथे बसलो असता एक वयस्क सुभेदार माझ्या मागे येऊन शांतपणे उभे राहिले. ते रागावले नाहीत, खुर्चीला हात लावला नाही, ‘सावकाश होऊ द्या’ एवढेच म्हणाले आणि माझी सोलकढी संपेपर्यंत उभे राहिले. इतक्या घाईने मी आयुष्यात कधी सोलकढी प्यायलेली नाही. रेल्वे जाते तेव्हाचीही एक रीत आहे : गाडीच्या हादऱ्याने ग्लासांतले पाणी थरथरू लागते, आणि ते स्थिर होईपर्यंत वाढपी काहीही ओतत नाही, पाणीसुद्धा नाही. आपण ग्लास पुढे केला तर तो नुसता रुळांच्या दिशेने मान हलवतो.

कुटुंबासाठी आत प्लायवूडच्या आडोशामागे चार टेबले आहेत. आठपर्यंत तिथे शेजारपाजारची घरेच जेवत असतात आणि आवाज असतो तो मुख्यतः मुलांचा. आठनंतर बाहेरच्या भागात बोलणे चढते, आणि ते सगळेच मुलीच्या कानावर पडावे असे नसते. मुलीसाठी ‘तिखट न घालता’ असे सांगू नये, कारण मसाला सकाळीच वाटून झालेला असतो. ‘रव्यातला बांगडा आणि दही-भात’ असे सांगावे, म्हणजे कोणाचीच पंचाईत होत नाही. आडोशामागे बसायचे झाल्यास डावीकडचे पहिले टेबल मागावे, तिथून पाटी दिसते. आम्ही मुलगी दुसरीत असल्यापासून तिथेच बसतो. त्या वेळी पाटीवरची नावे मी तिला लावून लावून वाचून दाखवत असे. आता ती कॉलेजात आहे, माझा चश्मा बहुधा घरी राहिलेला असतो, आणि ती मान वळवून सांगते, ‘बाबा, दोनच अक्षरं राहिलीत, लवकर बोला.’