एम्ब्रायो डोक्यात राहत नसेल तर पायजम्याची नाडी घे

फर्स्ट एमबीबीएसची परीक्षा दीड महिन्यावर आलीय, हाडं-स्नायू ठीक आहेत, पण एम्ब्रायोतली (गर्भाच्या वाढीच्या विषयातली) जन्मजात विकृतींची यादी दोन दिवसांत डोक्यातून उडते, असं तू लिहिलंयस. उडणारच. माझीही उडायची.

माझ्या व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) बाहेरून आलेल्या एक्स्टर्नलांनी ओम्फॅलोसील आणि गॅस्ट्रोस्किसिस, या आतडी पोटाबाहेर असण्याच्या दोन विकृतींतला फरक विचारला. मी धडाधड सांगितलं, पहिल्यात आतड्यांवर आवरण असतं, दुसऱ्यात नसतं. सर म्हणाले, "आवरण आलं कुठून?" माझी दातखीळ बसली. फरक पाठ होता, पण आतडी मुळात बाहेर जातात का, हे कधी नीट वाचलंच नव्हतं.

सहाव्या आठवड्यात यकृत इतकं वाढलेलं असतं की पोटात मिडगटला (आतड्याच्या मधल्या भागाला) जागा उरत नाही. ते नाळेत उतरतं. हे प्रत्येक गर्भात होतं, तुझ्या-माझ्याही झालं. दहाव्या आठवड्याच्या सुमाराला ते परत येतं. नाहीच आलं, तर ओम्फॅलोसील: बाळ नाळेचं ॲम्निऑनचं (गर्भाभोवतीच्या पातळ पडद्याचं) आवरण आतड्यांवर घेऊनच जन्मतं. गॅस्ट्रोस्किसिसमध्ये आतडी नाळेच्या वाटेने जातच नाहीत. बेंबीशेजारी, बहुधा उजवीकडे, पोटाच्या भिंतीत फट राहते आणि तिथून ती थेट बाहेर येतात, म्हणून उघडी.

आता नाडी घे, अर्धी लाल पेनने रंगव. नाडी म्हणजे मिडगट. पेन्सिलीचं टोक स्वतःकडे कर, म्हणजे बाळाचं पोट तुझ्यासमोर. पेन्सिल ही सुपिरिअर मेसेंटेरिक आर्टरी, मिडगटला रक्त देणारी धमनी. लाल भाग तिच्या वरून (सुरुवातीचं लहान आतडं), पांढरा खालून (सीकम म्हणजे मोठ्या आतड्याची सुरुवात, आणि कोलन म्हणजे मोठं आतडं), आणि नाडीचा वळसा टोकाशी. हा वळसा पेन्सिलीभोवती घड्याळाच्या उलट दिशेने ९० अंश फिरव. हे नाळेत असताना होतं. परत येताना आणखी १८०. एकूण २७०. पांढरा भाग पेन्सिलीपुढून जाऊन बाळाच्या उजवीकडे आला ना? ट्रान्सव्हर्स (आडवं) कोलन आर्टरीच्या पुढे आणि ड्युओडेनम (लहान आतड्याची सुरुवात) मागे का, हे आता कुणी विचारलं तर हसत सांगशील.

खरी गंमत मधेच थांबण्यात आहे. ९० वर थांब: लहान आतडं उजवीकडे, कोलन डावीकडे, आणि अपेंडिक्सची कळ भलत्याच बाजूला. उलट्या दिशेने फिरव: कोलन आर्टरीच्या मागे. सीकम खाली उतरलंच नाही तर ते यकृताखाली राहतं. वळशाच्या टोकाला व्हायटेलाइन डक्ट (गर्भाच्या आतड्याला योक सॅकशी जोडणारी नळी) जोडलेली असते, तिचा आतड्याकडचा तुकडा उरला की मेकेल्स डायव्हर्टिक्युलम, आतड्यावरची छोटी पिशवी: साधारण २ टक्के लोकांत, इलिओसीकल व्हॉल्व्हपासून (लहान-मोठ्या आतड्यांच्या जोडावरच्या झडपेपासून) सुमारे २ फुटांवर. पूर्ण डक्ट उघडी राहिली तर बेंबीतून शी येते. एवढं सगळं एका नाडीत.

हृदयालाही तेच. टेट्रालॉजी ऑफ फॅलो या हृदयाच्या जन्मजात विकृतीतल्या चार गोष्टी सुट्या पाठ करू नकोस. कोनस सेप्टम (हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या वाटांमधला पडदा) पुढे सरकला, एवढंच काढ. पल्मनरीची (फुफ्फुसाकडची) वाट अरुंद झाली, खाली पडद्यात भोक राहिलं, एओर्टा (महाधमनी) त्यावर बसली, आणि अरुंद वाटेतून रक्त ढकलून उजवं व्हेंट्रिकल (खालचा कप्पा) जाड झालं. न्यूरल ट्यूबचं (जिच्यातून मेंदू आणि मज्जारज्जू बनतात त्या नळीचं) मागचं तोंड २८व्या दिवसाच्या आसपास बंद होतं, तेव्हा बाईची पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. ती नीट बंद व्हावी म्हणून दिलं जाणारं फोलिक ॲसिड गर्भ राहण्याआधीपासून का द्यायचं, याचं उत्तर त्यातच आलं.

पण सगळंच असं सुटत नाही हं. फॅरिंजिअल पाउचमधून (गर्भाच्या घशातल्या खळग्यांमधून) काय काय बनतं याला निव्वळ घोकंपट्टी लागते. तिसऱ्यापासून निघालेली पॅराथायरॉइड (गळ्यातली छोटी ग्रंथी) खाली जाते आणि चौथ्याची वर राहते, हे मला आजही विचित्र वाटतं. त्याच तिसऱ्या पाउचमधला थायमस (छातीत उतरणारी ग्रंथी) तिला ओढत नेतो, एवढंच ध्यानात ठेव, आणि तो तक्ता पलंगासमोर चिकटव.