आज ग्लासात काय? वाचकांचे प्रश्न

आज रात्री काय पिणार आहात आणि त्यात काय अडतंय ते कळवा, असं गेल्या अंकात विचारलं होतं. आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रं आणि त्यांची उत्तरं.

आज मायक्रोब्रुअरीतून आणलेली हेफेवायझन, म्हणजे गव्हाची बिअर आहे, एक लिटरचा ग्राउलर (टॅपवरून भरून घरी न्यायची बाटली). तिथे प्यायलो की केळ्याचा मस्त वास येतो. घरी दुसऱ्या दिवशी उघडली की बेचव आणि बिनफेसाची. त्यांची बिअर पातळ असते का? – एक वाचक, बाणेर, पुणे

बिअर तीच असते, बिघडते ती भरताना आणि वाहून आणताना. टॅपखाली नुसती बाटली धरून भरली की बिअर उंचावरून पडते. तिच्यातला वायू फेसाबरोबर निघून जातो आणि त्याच्या जागी हवा शिरते. म्हणून टॅपला नळी लावून ती बाटलीच्या तळाशी टेकवून भरायला सांगा. आधी कार्बन डायऑक्साइड सोडून आतली हवा काढत असतील तर फारच चांगलं. बाटली गळ्यापर्यंत भरून घ्या. वर चार बोटं जागा राहिली तर वायू तिथे जमतो आणि झाकण काढताच उडून जातो.

ग्राउलर रिकामा झाला की त्याच रात्री गरम पाण्याने धुवा आणि झाकण न लावता उलटा वाळवा. झाकणाच्या रबरी चकतीत जुनी बिअर राहिली की पुढची बिअर आंबट लागते. येताना बर्फाची पिशवी बरोबर असू द्या. पुण्याच्या उन्हात गाडीच्या डिकीत तासभर राहिलेली बिअर नंतर कितीही गार केली तरी पहिल्यासारखी होत नाही. न उघडलेला ग्राउलर फ्रिजमध्ये दीड-दोन दिवस टिकतो, उघडला की त्याच संध्याकाळी संपवायचा.

वासाबद्दल. केळ्याचा वास आयसोअमाइल अॅसिटेटचा आणि लवंगेचा फोर-व्हिनाइल ग्वायकॉलचा. दोन्ही यीस्ट तयार करतं, वरून काहीच घातलेलं नसतं. फ्रिजमधून थेट काढलेल्या चार अंशांच्या बिअरला हे वास जवळजवळ येतच नाहीत. दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेवा, आठ अंशांच्या आसपास आली की ओता. यीस्ट तळाशी बसलेलं असतं, म्हणून ओतण्याआधी ग्राउलर हलक्या हाताने एकदा आडवा करून उभा करा. हलवू नका. बाटलीतली वायझन असेल तर शेवटची दोन बोटं राखा, बाटली गोल फिरवा आणि तो गढूळ भाग फेसावर सोडा. लिंबाची फोड मात्र ग्लासात घालू नका. तिच्या सालीचं तेल फेस मोडतं आणि लवंगेचा वासही झाकून टाकतं.

हिरव्या बाटलीतली लागर बिअर उघडली, तर जळक्या रबरासारखा वास आला. तारीख उलटलेली नव्हती. दुकानदार म्हणतो, एकदा गार केलेली बिअर पुन्हा गरम झाली की असं होतं. – एक वाचक, नागपूर

नाही, हा वास उजेडाचा आहे. हॉप्समधल्या, म्हणजे बिअरला कडूपणा देणाऱ्या फुलांमधल्या, कडू द्रव्यावर निळा आणि अतिनील प्रकाश पडला की बिअरमधल्या रायबोफ्लेविनच्या, म्हणजे बी-२ जीवनसत्त्वाच्या मदतीने ते तुटतं आणि त्यातून गंधकाचं एक संयुग तयार होतं. ते इतकं तीव्र असतं की नुसत्या अंशमात्रानेही नाकाला कळतं. तपकिरी काच हा प्रकाश बराचसा अडवते, हिरवी फार थोडा आणि पांढरी जवळजवळ नाहीच. कडक उन्हात हिरव्या बाटलीला काही मिनिटं पुरतात. दुकानाच्या काचेच्या फ्रिजमधल्या ट्यूबलाइटखाली काही दिवसांत तेच घडतं.

खात्री करायची असेल तर एकाच खोक्यातल्या दोन बाटल्या घ्या. एक वर्तमानपत्रात गुंडाळा, दुसरी अर्धा तास गच्चीवर उन्हात ठेवा, मग दोन्ही सारख्याच गार करून वास घेऊन पाहा.

गार-गरम होण्याने बिअर एका फटक्यात नासत नाही. पण नागपूरच्या मे महिन्यातलं गोदाम हे वेगळंच दुखणं आहे. उष्णतेने बिअर झपाट्याने म्हातारी होते. तेव्हा रबराचा वास येत नाही, ओल्या पुठ्ठ्याचा येतो आणि चव गोडसर, बोथट होते. म्हणून फ्रिजच्या दर्शनी रांगेतली बाटली घेऊ नका. बंद खोक्यातली किंवा कॅन मागा, आणि मुदत संपण्याच्या तारखेपेक्षा भरल्याची तारीख पाहा. साध्या लागरला तीन महिन्यांच्या आतली उत्तम.

बारमध्ये फेस टिकतो, घरी मिनिटात बसतो. ग्लास तर मी फ्रीझरमध्ये ठेवतो. – एक वाचक, ठाणे

ग्लास फ्रीझरमधून काढा, निम्मं काम झालं. त्यावर हिमाचा थर बसतो, बिअर त्याला लागताच भसकन फेसाळते, वायू उधळला जातो आणि खाली पाणचट बिअर उरते. शिवाय फ्रीझरमधल्या मासळीचा वासही हिमाला लागतो.

उरलेलं निम्मं काम म्हणजे तेल. ग्लास ओला करून उलटा धरा. पाणी सलग पडद्यासारखं ओघळलं तर स्वच्छ, थेंब-थेंब राहिले तर तेलकट. बिअर ओतल्यावर कडेला बुडबुडे चिकटले तरी तेच समजा. बिअरचे ग्लास वेगळे ठेवा, त्यांत दूध, ताक घेऊ नका. भांड्यांच्या वडीऐवजी चमचाभर खाण्याचा सोडा आणि नवी घासणी वापरा, भरपूर पाण्याने धुवा आणि कापडाने न पुसता जाळीवर उलटा वाळवा. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर असेल तर व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घालून दहा मिनिटं ठेवा. ओतण्याआधी गार पाण्याने विसळायचा, ओलाच राहू द्यायचा.

मग ग्लास ४५ अंशांत तिरका धरून दोन तृतीयांश भरा, सरळ करा आणि उरलेली बिअर मधोमध सोडा. वर दोन बोटं फेस हवाच. आणि तळलेल्या शेंगदाण्यांनंतर ओठ पुसा. चकण्याच्या तेलाने कुठलाही फेस बसतो.

प्रागमध्ये नोकरीला आलोय. इथे बारमध्ये तीन बोटं फेस देतात, भारतात असतो तर भांडलो असतो. हे लोक फसवतात का? आणि पाटीवरचे १०, १२ अंश म्हणजे अल्कोहोल का? – एक वाचक, प्राग

भांडू नका. ग्लासावरची मापाची रेघ बघा. फेस बसल्यावर बिअर तिथपर्यंत आली की माप पूर्ण. तिथल्या नेहमीच्या ओतण्याला ‘ह्लादिन्का’ म्हणतात. आधी दाट ओला फेस, मग त्याच्याखालून बिअर. फेसामुळे हवा लागत नाही आणि कडूपणा मऊ होतो. ‘म्लीको’ मागितलंत तर जवळजवळ सगळा फेसच येईल, दुधासारखा गोडसर. तो बसायच्या आत, दोन-तीन घोटांत प्यायचा.

अंश अल्कोहोलचे नाहीत. आंबवण्याआधी माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या) काढ्यात साखर वगैरे विरघळलेलं द्रव्य किती होतं, ते सांगतात. १० अंशांची साधारण ४ टक्क्यांची, १२ अंशांची ५ टक्क्यांच्या आसपास. प्ल्झेन गावची पिल्स्नर उर्केल मात्र १२ अंशांची असून ४.४ टक्क्यांचीच आहे, कारण तिच्यात थोडी साखर न आंबवता राखलेली असते. सुट्टीच्या दिवशी प्ल्झेनला जाऊन ती तिच्या गावीच प्या. १८४२ साली योसेफ ग्रोल या ब्रुअरने ही सोनेरी लागर पहिल्यांदा तिथे बनवली. तिथलं मऊ पाणी आणि झातेत्स गावचे हॉप्स नसते तर ती इतकी सौम्य कडू झाली नसती.

आज सुकट आणि सुक्या मटणाबरोबर ६५० मिलीची स्ट्राँग. मित्र म्हणतो, बिअरच तर आहे. – एक वाचक, सातारा

हिशेब करा. स्ट्राँगवर ८ टक्क्यांपर्यंत लिहिलेलं असतं. ती मर्यादा धरली तर ६५० मिलीत ५२ मिली शुद्ध अल्कोहोल. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ३० मिलीच्या पेगात १२.८ मिली. म्हणजे एक बाटली चार छोटे पेग. ५ टक्क्यांच्या ३३० मिलीच्या पाइंटमध्ये १६.५ मिली. गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, आणि एका पाइंटनेही अनेकजण तिच्या जवळ पोचतात. त्यामुळे या बाटलीनंतर किल्ली दुसऱ्याकडे.

मटण तिखट असेल तर स्ट्राँगची जळजळ मिरचीला आणखी चढवते. फार कडू आयपीए (इंडिया पेल एल) बिअरही तेच करते. गव्हाची बिअर किंवा माल्टचा गोडवा असलेली तपकिरी बिअर घ्या. कुरकुरीत सुकट मात्र पिल्स्नरलाच शोभते, खारटपणा आणि तेल ती एका घोटात धुऊन काढते.

गार करायला वेळ नसेल तर बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी आणि दोन मुठी मीठ घाला. कॅन पंधरा मिनिटांत तयार, मोठ्या बाटलीला पंचवीस लागतात. फ्रीझरमध्ये विसरू नका. बिअर उणे दोन-तीन अंशांना गोठते आणि बाटली फुटते.