मॅडम, माझ्या मेंदूतल्या पेशी मेल्या का हो?

त्यांच्या तळहातावर बॉलपेननं लिहिलं होतं : गॅस, कुलूप, आईंची ८ ची गोळी.

सहकारनगरच्या या ताई (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत) एका दुकानाचे हिशेब बघतात. दोन वर्षं सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्यांनी घंटी वाजवली की रात्रीतून तीन-चारदा उठायचं, पहाटे डबे, मग नोकरी. बेरजेत कधी न चुकणाऱ्या बाईंना आता ओळखीच्यांची नावंही आठवेनात. रडू तर कधीही फुटायचं. "व्हॉट्सअॅपवर फॉरवर्ड आलाय, ताणानं पेशी मरतात, उंदरांवर सिद्ध झालंय म्हणे. माझ्या मेल्या का हो?"

हा प्रश्न माझ्याकडे बरेच जण घेऊन येतात. "काही नाही होत" म्हणून तो उडवून लावणं मला पटत नाही.

१९९२ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात ब्रूस मॅकइवेन यांच्या प्रयोगशाळेनं उंदरांना रोज ६ तास, असे २१ दिवस जखडून ठेवलं होतं. आठवणी घडवणाऱ्या हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींच्या फांद्या त्यामुळे आखूड झाल्या. पेशी मेल्या नव्हत्या, आक्रसल्या होत्या. जखडणं थांबल्यावर त्या फांद्या पुन्हा वाढतात, हेही नंतर दिसलं. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे मी ताईंना सांगितलंच. पण फॉरवर्डमध्ये हा दुसरा अर्धा भाग आलाच नव्हता.

थायरॉइड आणि बी-१२ तपासून घेतलं, मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. नैराश्याचं निदान झालं, गोळ्या सुरू झाल्या. माझ्या मते मात्र खरं काम वेगळंच होतं. उंदरांना कुणीतरी सोडवलं होतं. ताईंना कोण सोडवणार? मी त्यांच्या यजमानांना आणि नणंदेला बोलावून घेतलं. पहिली वीस मिनिटं "तिचं मन खंबीर नाही" हेच चाललं होतं. मग मी ताईंना हात पुढे करायला सांगितला. तळहातावरची ती यादी नणंदेनं वाचली आणि म्हणाल्या, "वहिनी, शनिवार-रविवार मी येते." आठवड्यातल्या तीन रात्री ब्युरोची बाई ठरली.

तीन महिन्यांनी आल्या तेव्हा तळहात कोरा होता. हिशेब जुळत होते. तरी त्या खट्टू होत्या. "घंटी वाजली की अजून छातीत धस्स होतं. हे म्हणतात, आता कसली भीती?"

त्याचंही उत्तर उंदरांत सापडतं. बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेत सुमंत्र चटर्जी यांच्या गटाला दिसलं, की जखडण्याच्या अशाच ताणानं भीती सांभाळणाऱ्या अमिग्डालातल्या पेशींच्या फांद्या उलट वाढतात, आणि २१ दिवसांच्या विश्रांतीनंतरही त्या ओसरत नाहीत. म्हणजे आठवण सावरते, धास्ती मागे रेंगाळते.

"हेच ह्यांना फोनवर सांगता का?" ताईंनी विचारलं. मी सांगितलं. यजमानांनी मधे न बोलता ऐकून घेतलं.

आता ब्युरोची बाई नसते त्या रात्री सासूबाई घंटी वाजवत नाहीत. यजमानांनी आपली खाट त्यांच्या खोलीत नेली आहे.