कोल्हापुरात बंगल्यापुढे तीन-चार झाडांपुरतीच जागा आहे. बारा महिने शोभा राहील अशी कोणती लावावीत?

नुसती फुलं बघून निवडू नका, पालवी आणि पानंही बघा. माझी पहिली पसंती सीता अशोकाला. वर्षभर हिरवा, फेब्रुवारी-मार्चात फांद्यांवरच काय, जुन्या खोडावरही केशरी घोस. नवी पालवी तर बघतच राहावी: तांबूस, लुसलुशीत, ओल्या रेशमासारखी खाली लोंबणारी. दुपारचं कडक ऊन त्याला सोसत नाही, म्हणून घराच्या पूर्वेला लावा.

एप्रिल-मेसाठी बहावा किंवा ताम्हण. मी ताम्हणच घेईन. जांभळे तुरे आपलं राज्यपुष्प आहेत, पानं गळण्याआधी तांबडी होतात आणि मूळचं नदीकाठचं असल्याने आपला पाऊस त्याला मानवतो. पावसाळ्याच्या शेवटापासून पारिजातक आहेच.

सोनचाफा कलमीच घ्या, लवकर फुलतो. मात्र पंचगंगेकाठच्या काळ्या जमिनीत मुळाशी पाणी साचलं की तो दगावतो. उंचवट्यावर, खड्ड्यात मुरूम मिसळून लावा.

गुलमोहर घराला लागून अजिबात नको, वळवाच्या वाऱ्यात फांद्या मोडतात. लागवड जूनमध्ये, जमीन चांगली भिजल्यावर करा.