विडाल पॉझिटिव्ह आली म्हणून शोध थांबवू नका

तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. भावाचा ताप आठव्या दिवशीही हटत नाही, विडाल ही रक्ततपासणी १:१६० म्हणजे पॉझिटिव्ह आली म्हणून टायफॉइड सांगितलाय, सेफ्ट्रायक्झोन या अँटिबायोटिकच्या इंजेक्शनांचा तिसरा दिवस आहे आणि आता दवाखाना बदलावा का, असं तुम्ही विचारलंय. आमच्या मिस्टरांच्या वेळी हुबेहूब हेच झालं होतं. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषध बदलणं किंवा थांबवणं तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच करा. उकळलेलं पाणी, हलका आहार वगैरे तुम्ही बघतच असाल, त्यात शिरत नाही.

खरोखर टायफॉइड असेल आणि औषधही बरोबर असेल, तरी ताप पूर्ण उतरायला चार ते सहा दिवस लागतात. त्यामुळे केवळ तिसऱ्या दिवशी ताप आहे म्हणून घाबरू नका. पोट दुखायला लागलं, फुगलं किंवा शौचाला काळं झालं, तर मात्र रात्र असली तरी थांबू नका. आतड्याला छिद्र पडण्याचा धोका असतो.

मला विचारायचंय ते वेगळंच. पहिलं इंजेक्शन देण्याआधी रक्त कल्चरला, म्हणजे त्यातले जंतू वाढवून बघायला, पाठवलं होतं का?

विडाल ही १८९६ सालची तपासणी. ती जंतू शोधत नाही, जंतूविरुद्ध शरीरात तयार झालेली प्रतिद्रव्यं मोजते. पूर्वी कधी टायफॉइड होऊन गेला असेल तर किंवा दुसऱ्याच तापातही ती वर जाऊ शकते. आपल्याकडे धडधाकट माणसांतही थोडी प्रतिद्रव्यं सापडतात. एकट्या विडालवर टायफॉइडचा शिक्का मारणं बंद व्हायला हवं, असं माझं ठाम मत आहे. कुणाला ते टोकाचं वाटलं तरी चालेल.

आमचं गाव नागपूरच्या बाजूला, पावसाळ्याचे दिवस, निंदणाची कामं चालू. जिथे नेलं तिथे विडाल बघून लगेच सलाईन आणि इंजेक्शनं सुरू केली. कल्चरचं विचारलं तर म्हणाले, "रिपोर्टला पाच दिवस लागतात, तोवर औषध न देता बसायचं का?" अहो, बसायला सांगितलं कोणी! आधी रक्त काढायचं आणि लगेच औषध सुरू करायचं, एवढंच तर मागत होतो. पुढे ताप हटेना तेव्हा कल्चर पाठवलं. त्यात काहीच वाढलं नाही आणि "औषध लागू पडतंय" असा त्याचा अर्थ लावला गेला. अँटिबायोटिक रक्तात गेल्यावर घेतलेलं कल्चर निगेटिव्ह आलं, तर त्यातून काय कळणार? औषधाआधी घेतलेलं कल्चरही टायफॉइडच्या साधारण निम्म्याच रुग्णांत जंतू पकडतं, आणि त्यासाठी मोठ्या माणसाचं आठ-दहा मिली रक्त लागतं. पण ते निगेटिव्ह आलं असतं तर कुणीतरी दुसरीकडे बघितलं असतं. आणि जंतू सापडलाच, तर कोणतं औषध चालेल तेही कळतं. सिप्रोफ्लॉक्सासिन आपल्याकडच्या बहुतेक टायफॉइडवर आता भरवशाचं राहिलेलं नाही. पाकिस्तानात सिंधमध्ये २०१६ पासून पसरलेल्या जंतूवर तर सेफ्ट्रायक्झोनही चालत नाही.

मिस्टरांना टायफॉइड नव्हताच. मोठ्या दवाखान्यात हलवल्यावर तिथल्या सिस्टरला अंग पुसताना कमरेला, नाडी बांधतो तिथे, काळी खपली दिसली. सिगारेटचा चटका बसावा तशी. स्क्रब टायफस निघाला! झाडाझुडपांतल्या, गवतातल्या बारीक किड्याची अळी चावून होतो. त्याचा जंतू आपल्या पेशींच्या आत राहतो. नेहमीच्या कल्चरमध्ये तो वाढत नाही आणि सेफ्ट्रायक्झोनसारखी औषधं त्याला काहीच करत नाहीत. डॉक्सिसायक्लिन सुरू केल्यावर दोन दिवसांत ताप उतरला. पण तोवर किडनीला सूज आली होती, आयसीयू झालं होतं. २०१८ च्या पावसाळ्यात विदर्भात याच आजाराने माणसं गेली, तरीही पुढे पावसाळ्यातल्या तापात अंग नीट बघायला कुणाला सुचू नये, याचा मला अजून राग येतो.

त्याहून जास्त मनस्ताप कागदांचा. पहिल्या दवाखान्याने बिलाचं सगळं मिटेपर्यंत औषधांची यादी दिली नाही. नव्या डॉक्टरांना आधी काय, किती दिलंय हेच कळेना. म्हणून सांगते, रोजच्या चार्टचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. नर्स नाही म्हणाली तर नम्रपणे पण हट्टाने मागा.

जाता जाता, घरात लहान मुलं असतील तर टायफॉइडच्या कॉन्जुगेट लसीबद्दल बालरोगतज्ज्ञांना विचारा. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये ९ महिने ते १४ वर्षं वयाच्या मुलांना ती मोहीम काढून दिली होती. भावाच्या आजच्या तापाशी तिचा संबंध नाही, पण विषय निघालाच आहे म्हणून.

दवाखाना आजच बदलू नका. आधी अंग नीट बघा, काखा, जांघा, कंबर, कानामागे. खपली नसली म्हणून स्क्रब टायफस नाहीच असं होत नाही, बऱ्याच जणांत ती सापडत नाही. म्हणून डॉक्टरांना "टायफॉइड सोडून आणखी काय असू शकतं?" असं सरळ विचारा आणि स्क्रब टायफसची एलायझा चाचणी करता येईल का, तेही बघा. भाऊ गेल्या महिन्यात शेतात किंवा जंगलाकडे गेला होता का, आणि रक्ताच्या रिपोर्टात प्लेटलेट आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवतं ते) किती आहेत, तेवढं इथे लिहा.