दुपारी दोन वाजता पाणी घालणाऱ्या मंगलताई

"शेजाऱ्यांशी वाद नको म्हणून मी गप्प बसते, पण मग रात्रभर तेच डोक्यात घोळतं. काय करू?" हा प्रश्न घेऊन माझ्याकडे खूप जण येतात, आणि दर वेळी मला मंगलताई आठवतात. (नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत, लिहायला त्यांची संमती आहे.)

वय ६३, बँकेतून निवृत्त. १९६१ च्या पानशेत पुरानंतर सहकारनगरमध्ये ज्या सोसायट्या वसल्या, त्यांतल्या एकीत घर. प्लॉट लहान. घर आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये जेमतेम अडीच फुटांची पट्टी, तेवढीच त्यांची बाग. मोगरा, अनंत, कढीपत्ता आणि कोपऱ्यात सासूबाईंनी लावलेला शेवगा. त्याची बारीक पानं पलीकडे नानांच्या गाडीवर पडायची. एका सकाळी नानांनी ती झाडून सूपभर गोळा केली आणि भिंतीवरून अलीकडे ओतली. मग ते रोजचंच झालं.

पहिल्या भेटीला ताई फाइल घेऊन आल्या. तारखा घातलेले फोटो आणि १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याची पानं, ओळी पिवळ्या पेनने रंगवलेल्या. नाना एक दिवस झाड तोडतील, अशी त्यांना धास्ती होती. "परवानगीशिवाय हात लावता येत नाही झाडाला," त्या म्हणाल्या. ते खरंच होतं. पण मला वेगळंच विचारावंसं वाटलं.

"पाणी कधी घालता झाडांना?"

त्या थांबल्या. "दुपारी. दोनच्या सुमारास. तेव्हा ते झोपलेले असतात."

एप्रिल चालू होता. ही बाई भर उन्हात डोक्यावर पदर घेऊन, चपला काढून, पाइपची धार आवाज होऊ नये इतकी बारीक ठेवून स्वतःच्याच बागेत पाणी घालत होती. सकाळी पलीकडून खराट्याचा आवाज आला की छातीत धडधडायचं, म्हणून त्या स्वयंपाकघराची खिडकीही लावून घ्यायच्या. फाइलमध्ये यातलं काहीच नव्हतं.

इथे मी घाई केली. "एकदा बोलून टाका," असं सांगून मोकळी झाले. दुसऱ्या दिवशी पानं पडताच त्या भिंतीपाशी गेल्या आणि पंधरा वर्षांचं सगळं बाहेर आलं, अगदी पाण्याच्या टाकीच्या जुन्या वादापर्यंत. पुढच्या भेटीत त्या रडल्या. चूक माझी होती. जिला खराट्याच्या आवाजाने घाम फुटतो, तिला मी थेट भांडणाच्या तोंडी दिलं होतं.

मग सावकाश गेलो. टाळलं की लगेच बरं वाटतं, आणि म्हणूनच पुढच्या वेळी आणखी टाळावंसं वाटतं. भीती अशीच वाढते. पहिला आठवडा त्यांनी फक्त सकाळी सात वाजता पाच मिनिटं बागेत उभं राहायचं, हातात पाइप धरून. धडधड होईल, होऊ दे, ती उतरेपर्यंत आत जायचं नाही. दुसऱ्या आठवड्यात पाणी, पूर्ण धारेने. तिसऱ्या आठवड्यात बोलायची तयारी. बोलायचं फाटकातून जाऊन, भिंतीवरून नाही. भिंतीवरून बोललं की मान वर होते आणि आवाजही चढतो. अशा बाबतीत व्हॉट्सॲपवर लिहिणं तर मी कुणालाच सुचवत नाही. जुनं काही काढायचं नाही. आपण काय करणार ते सांगायचं आणि एकच गोष्ट मागायची. माझ्यासमोर त्यांनी ती वाक्यं सहा-सात वेळा म्हणून पाहिली.

रविवारी त्या गेल्या. "नाना, पानांचा तुम्हाला त्रास होतो हे कळतंय मला. फांद्या कमी करायला महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करते. पण पानं माझ्या अंगणात ओतू नका, मला फार लागतं ते."

नाना गाडीबद्दल बोललेच नाहीत. आदल्या पावसाळ्यात त्यांच्या नातवाच्या दंडाला सुरवंट लागला होता, हात खांद्यापर्यंत लाल झाला होता. पावसात शेवग्याच्या खोडावर केसाळ सुरवंटांचे पुंजके बसतात, ते खरंच त्रासदायक असतात. "मग सांगितलं का नाहीत?" ताईंनी विचारलं. "तुमच्या सासूबाईंनी लावलेलं झाड. ते कमी करा असं कुठल्या तोंडाने सांगू?"

भिंतीच्या दोन्ही बाजूंना गप्प बसणं चालू होतं, आणि मधे पानं जात-येत होती.

परवानगी आली, शेंगा उतरल्यावर पावसाच्या आधी फांद्या उतरवल्या. शेवग्याचं लाकूड ठिसूळ, वळवाच्या वाऱ्यात फांदी मोडून पडायचीच. छाटल्यावर तो नव्याने फुटतो आणि शेंगाही हाताशी येतात. खोडावर सुरवंट दिसले तर नानांनी लगेच हाक मारायची, असं ठरलं.

पानं अजूनही पडतात. नाना ती आता पोत्यात भरून फाटकाशी ठेवतात, ताई खतात घालतात. मधे एकदा सूप पुन्हा भिंतीवरून आलंच. त्या रात्री ताईंना झोप लागली नाही, पण सकाळी सातला त्या बागेत होत्या.

परवा त्यांचा फोन आला. कढीपत्त्याची मुळं भिंतीखालून पलीकडे गेली आहेत आणि नानांच्या फरशीच्या फटीतून फुटवे वर आलेत. नानांनी अजून काही म्हटलेलं नाही.

"मीच जाते, रविवारी," त्या म्हणाल्या.