डोळ्याचं डॉप्लर लिहून दिलंय, म्हणजे नक्की काय करतात?

तुम्ही विचारलंय की बाबांना (वय ६८, शुगर आणि बीपी दोन्ही) दोनदा उजव्या डोळ्यापुढे पडदा आल्यासारखं झालं, पाच मिनिटांत परत दिसायला लागलं, आता डोळ्याच्या डॉक्टरांनी डॉप्लर सांगितलंय, तर सोनोग्राफीत डोळ्यातलं रक्त कसं काय दिसणार आणि दुखतं का.

मी रेडिओलॉजीवाला, रोज हेच मशीन हाताळतो. दुखत नाही. उपाशी यायला नको, बाहुली मोठी करायचे थेंब पण नाहीत. (खोलीबाहेर 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' असा बोर्ड वाचून बरेच आजोबा चुकीच्या दारात आलो म्हणून मागे फिरतात, बाबांना आधीच सांगून ठेवा.) आडवं झोपवतात, डोळे मिटायचे, पापणीवर गार जेलचा ढीग, आणि त्यावर प्रोब (आवाज सोडणारा आणि परत ऐकणारा, मशीनचा हातात धरायचा भाग) नुसता टेकवायचा. मिटल्या डोळ्यांनी सरळ छताकडे बघत राहायचं, बुबुळ फिरवायचं नाही, एवढंच काय ते पेशंटचं काम.

'नुसता टेकवायचा' असं मुद्दाम म्हणतोय कारण शिकत असताना मी इथेच बोलणी खाल्लीयेत. चित्र नीट दिसेना म्हणून जरा दाबला, तर दोन ठोक्यांच्या मधला प्रवाह जवळजवळ शून्यावर आला, मला वाटलं केवढा मोठा आजार पकडला, आणि मागून सिनिअर म्हणाले हात उचल आधी! उचलला, प्रवाह परत जागेवर. दाबल्यावर डोळ्यातलं प्रेशर वाढतं आणि रक्त आत शिरायला अडतं, बस.

आता दिसतं काय? डोळ्याचा गोळा काळा, त्याच्या मागे काळसर पट्टा ती नस (ऑप्टिक नर्व्ह), आणि त्या पट्ट्याच्या आत अगदी चिकटून एक लाल आणि एक निळी रेघ. ती रेटिनाची मुख्य धमनी आणि शीर. लाल म्हणजे शुद्ध रक्त असं समजू नका हं, नेहमीच्या सेटिंगला लाल म्हणजे प्रोबकडे येणारं, निळं म्हणजे लांब जाणारं. हलत्या रक्तावरून परत येणाऱ्या आवाजाची फ्रिक्वेन्सी बदलते, ख्रिश्चन डॉप्लरनी १८४२ मध्ये मांडलेली हीच गोष्ट. या धमनीत रक्त साधारण सेकंदाला १० सेंटीमीटर धावतं, ७.५ मेगाहर्ट्झच्या प्रोबला त्याने जेमतेम १ किलोहर्ट्झचा फरक पडतो, तो आपल्या कानाला ऐकू येण्यातलाच, म्हणून मशीनमधून शूक-शूक ऐकू येतं.

पण एक लक्षात घ्या, मोजतो तो वेग, रक्त किती मिली गेलं ते नाही. धमनी मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याहूनही बारीक, तिची रुंदी सोनोग्राफीत धड मोजता येत नाही. म्हणून रिपोर्टमध्ये आरआय (रेझिस्टिव्ह इंडेक्स, रक्ताला पुढे किती अडथळा होतो त्याचा आकडा) असतो: सर्वात जास्त वेगातून सर्वात कमी वेग वजा करून जास्तीच्या वेगानेच भागायचं. ४० आणि १० असेल तर ०.७५. प्रोबचा कोन चुकला तर वेग चुकतो पण आरआय फारसा हलत नाही, म्हणून तो जास्त भरवशाचा. दोन सेंटरचे आकडे शेजारी ठेवून नेटवर शोधत बसू नका.

बाबांच्या केसमध्ये मला डोळ्यापेक्षा मानेची काळजी जास्त वाटते. डोळ्याची मोठी धमनी (ऑफथाल्मिक) मेंदूकडे जाणाऱ्या कॅरोटिडची फांदी. मानेत कॅरोटिड फारच बंद झाली तर चेहऱ्याच्या बाजूचं रक्त या फांदीतून उलटं आत जायला लागतं, आणि स्क्रीनवर जिथे लाल दिसायला हवं तिथे निळं दिसतं. एकदा बघितलं की विसरत नाही. तेव्हा चिठ्ठीत मानेचं डॉप्लर पण लिहिलंय का बघा, नसेल तर आजच फोन करून विचारा, आणि अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्याची असेल तर आधीची मागा, कारण असा येऊन जाणारा पडदा हा स्ट्रोकचा इशारा असू शकतो. परत तसं झालं, तोंड वाकडं झालं किंवा जीभ जड वाटली तर डॉप्लर-बिप्लर राहू दे, सरळ इमर्जन्सीला न्या.

मशीन सुरू करताना डोळ्याचं सेटिंग लावलंय ना हे बिनधास्त विचारा. डोळ्यासाठी आवाजाची ताकद कमी ठेवावी लागते, अमेरिकेच्या एफडीएची (औषधं-उपकरणांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) मेकॅनिकल इंडेक्सची, म्हणजे या ताकदीच्या आकड्याची, मर्यादा डोळ्याला ०.२३ आहे, बाकी शरीराला १.९. अलीकडे डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल किंवा मार लागला असेल तर तेही आधी सांगा.

आणि हो, घरून रुमाल न्या, जेल पापण्यांच्या केसांत चिकटून बसतं, आमचे टिश्यू पुरत नाहीत.